अखंड ग्रॅनाइट, तरीही माथ्याला खाच: माइन-बाय बोगद्याचे प्रकरण

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, लाक दु बोने या गावाजवळ, जमिनीखाली ४२० मीटरवर एक छोटा बोगदा खणला गेला. लांबी ४६ मीटर, व्यास ३.५ मीटर, आकार गोल. खडक ग्रॅनाइट. त्यात सांधे (खडकाला कापणाऱ्या नैसर्गिक चिरा) जवळजवळ नाहीत, पाण्याचा त्रास नाही, आणि त्याचा कोअर (ड्रिलने काढलेला दंडगोल नमुना) प्रयोगशाळेत दाबला तर २०० मेगापास्कल ओलांडल्यावरच फुटतो. खोदकामात सुरुंग वापरले नाहीत. बोगदा खणणाऱ्याने याहून चांगला खडक मागावा तरी कशाला? पण फेस (खोदकामाची पुढची भिंत) पुढे सरकला तसा माथ्याचा खडक पातळ ढलप्यांनी सोलत गेला आणि माथ्यात व तळात, समोरासमोर, पाचरीसारख्या टोकदार खाचा पडल्या. बाजूच्या भिंतींचे ढलपे निघाले नाहीत.

हा अपघात नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेडच्या भूमिगत प्रयोगशाळेत हा बोगदा मुद्दाम अशा दिशेने खणला होता की खडक फुटलाच पाहिजे. अणुकचरा खोल खडकात पुरायचा, तर पोकळीभोवतीचा खडक किती आणि कसा दुखावतो हे आधी कळायला हवे होते. त्यासाठी शेजारच्या गॅलऱ्यांमधून उपकरणे आधीच बसवली आणि मग त्यांच्या जवळून बोगदा पुढे नेला. ‘माइन-बाय’ हे नाव त्यावरूनच आले. खोल बोगद्यांत माथा सोलल्याची उदाहरणे ढिगाने आहेत. पण ताण किती, खडकाची ताकद किती, फूट कधी सुरू झाली आणि कुठे थांबली, हे चारही आकडे एकाच जागी हाती लागणारी प्रकरणे फार थोडी.

पुढे ‘ताण’ हा शब्द स्ट्रेस या अर्थाने आहे, म्हणजे दर क्षेत्रफळावर येणारे बल. जिथे खडक ओढला जातो तिथे ‘खेच’ म्हटले आहे.

वरचे ओझे ११, आडवा दाब ६०

खोलीवरून ताण काढायचा सोपा हिशेब सगळ्यांना पाठ असतो: दर मीटरला सुमारे ०.०२६ मेगापास्कल. ४२० मीटरला १०.९. या जागी उभा ताण खरोखरच ११ मेगापास्कलच्या आसपास निघाला (दोनाची चूक धरून). पण तो तीन मुख्य ताणांपैकी सर्वांत लहान होता. सर्वांत मोठा, जवळजवळ आडवा, ६० मेगापास्कल (तीनाची चूक धरून), आणि मधला, तोही आडवा, ४५ (चाराची चूक धरून). नुसत्या ओझ्यावर विसंबून, सगळ्या बाजूंनी ११ धरून गणित केले असते, तर गोल बोगद्याच्या कडेवर ताण २२ मेगापास्कल आला असता आणि २०० च्या खडकाला त्याची दखलही घ्यावी लागली नसती.

एवढा आडवा ताण टिकून राहिला त्याचे कारण खडकाचा चांगुलपणाच. याच प्रयोगशाळेत २४० मीटरच्या पातळीवरही बोगदे होते. तिथला खडक सांध्यांनी कापलेला आहे, ताण कमी आहे, आणि तिथे असे सोलणे दिसले नाही. दोन पातळ्यांच्या मध्ये एक तिरका भंगपट्टा (तुटक्या खडकाचा पट्टा) जातो. त्याच्या खाली खडक अखंड होतो आणि ताण एकदम चढतो. सांधे असलेला खडक थोडा सरकून ताण सोडून देऊ शकतो. अखंड खडक तो धरून ठेवतो. म्हणून कोअरच्या पेटीत लांबच लांब, न तुटलेले तुकडे दिसू लागले की भूवैज्ञानिक खूश होतो, पण खोल कामात तिथेच ताणाची चौकशी सुरू व्हायला हवी. खडकाला गुण देणाऱ्या आरएमआर वर्गीकरणात जागेवरच्या ताणाला स्वतंत्र गुणच नाहीत, त्यामुळे हा खडक त्या कोष्टकात वरच्या वर्गात जाऊन बसतो. तशाच दुसऱ्या, क्यू पद्धतीत ताणासाठी वेगळा घटक आहे, पण तो भरायला ताण माहीत असावा लागतो.

आणि तो मोजणे इथे सोपे नव्हते. ओव्हरकोअरिंग (खडकाचा तुकडा भोवतीने कापून मोकळा करायचा आणि तो किती फुगतो ते मोजायचे) करायला जावे तर एवढ्या ताणात कोअर बाहेर येतानाच चकत्या-चकत्यांनी तुटतो. पाण्याच्या दाबाने खडक फोडून पाहावा तर चीर नेहमी सर्वांत लहान ताणाला काटकोनात उघडते, म्हणजे इथे आडवी, आणि त्यातून कळतो तो फक्त उभा ताण, जो आधीच माहीत आहे. शेवटी भरवशाचे आकडे निघाले ते बोगदे खणताना खडक किती आत सरकला याच्या मोजणीवरून, उलट गणिताने. ज्या कामावर अशी सोय नाही तिथेही चकत्या होणारा कोअर फेकून देऊ नये. तो ताणाचा नेमका आकडा देत नाही, पण ताण चढा आहे हे मात्र ठामपणे सांगतो.

कुठे फुटणार, हे आधीच ठरलेले

बोगद्याची दिशा मधल्या ताणाला, ४५ ला, समांतर ठेवली. त्यामुळे अक्षाला काटकोनात घेतलेल्या छेदात एका बाजूने ६० आणि दुसऱ्या बाजूने ११ असे सर्वांत विषम जोडपे आले. गोल पोकळीच्या कडेचा ताण काढायला किर्शचे शतकाहून जुने सूत्र पुरते. मोठ्या ताणाला काटकोनात असलेल्या कडेवर, म्हणजे इथे माथा आणि तळ, ताण येतो मोठ्याच्या तिप्पट वजा लहान: १८० वजा ११, १६९ मेगापास्कल. बाजूच्या भिंतीवर उलटे: लहानाच्या तिप्पट वजा मोठा, ३३ वजा ६०, उणे २७. म्हणजे भिंतीवर दाब नाहीच, खेच आहे. खेचेने चिरा पडल्या तरी त्या भिंतीला काटकोनात आत जातात. त्यातून पाट्या सुटून पडत नाहीत.

मोठा ताण अगदी आडवा नव्हता, दहा-पंधरा अंशांनी कललेला होता. खाचाही अगदी माथ्यावर पडल्या नाहीत, तेवढ्याच कलाने बाजूला पडल्या. ही बारीकशी गोष्ट कामाची आहे. जुन्या बोगद्यात किंवा उभ्या बोअरहोलमध्ये सोललेली जागा दिसली की छेदातल्या मोठ्या ताणाची दिशा तिथल्या तिथे वाचता येते: दोन खाचांना जोडणारी रेघ काढायची, तिला काटकोनात मोठा ताण.

आता खरी अडचण. कडेवर १६९, आणि प्रयोगशाळेत खडकाची ताकद सुमारे २१३. कागदावर सुरक्षा गुणांक (ताकद भागिले ताण) १.२६. कागद म्हणतो बोगदा उभा राहील.

फेसच्या पुढे काय झाले

खोदकामाची पद्धत संथ होती. परिघावर लागून-लागून भोके पाडायची आणि आतला खडक हायड्रॉलिक स्प्लिटरने फोडून काढायचा. एका वेळी साधारण एक मीटर, कधी अर्धा. सुरुंगाने खडकात नव्या चिरा पडतात, आणि मग नुकसान ताणाचे की बारुदाचे हे सांगता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

खडक तुटतानाचे बारीक हादरे ऐकणाऱ्या मायक्रोसाइस्मिक यंत्रणेने पहिले आवाज टिपले ते फेसच्या मागे नव्हे, पुढे, अजून न खणलेल्या खडकात, आणि तेही जिथे नंतर खाच पडायची त्याच पट्ट्यात. फेसजवळ ताण नुसता वाढत नाही, त्याची दिशाही फिरते. खडकाचा तोच कण आधी एका दिशेने दाबला जातो, मग दुसऱ्या. त्याच्या आत दाण्याएवढ्या चिरा पडून चुकतात आणि कड उघडी होते तेव्हा तो ताजा राहिलेला नसतो.

फेस पुढे गेल्यावर कडेच्या एका अरुंद पट्टीत, पाच-दहा सेंटिमीटर रुंदीच्या, दाणे चिरडून भुगा होऊ लागला. तिथून कडेला समांतर चिरा धावल्या आणि काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटर जाडीचे ढलपे सुटले. एक ढलपा गेला की त्याच्या मुळाशी नवी कड उघडी पडते आणि तोच क्रम आणखी आत सुरू होतो. खाच रुंद होत नाही, अरुंद होत खोल जाते. शेवटी तिचे टोक इतके टोकदार होते की त्याच्या आजूबाजूचा खडक त्याला चिमटीत धरतो, आणि ती थांबते. माइन-बायमध्ये ती केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे १.३ पट अंतरावर थांबली. त्रिज्या १.७५ मीटर, म्हणजे खाचेची खोली साधारण अर्धा मीटर.

म्हणजे खाच ही अस्थिरता आहे आणि स्थिर होण्याची वाटही. माणसांच्या डोक्यावरून ढलपे पडतात म्हणून ती धोक्याची. पण पूर्ण झाल्यावर बोगदा त्या आकारात उभा राहतो.

मकच्या ढिगाने शिकवलेला धडा

माथा आणि तळ, दोन्हीकडे ताण सारखाच १६९. तरी माथ्याची खाच आधी पडली आणि तळाची मागे राहिली. तळावर मक, म्हणजे खोदून निघालेला फुटका खडक, पडून होता. तो नंतर उपसला तेव्हा तळाखालून पुन्हा आवाज येऊ लागले आणि तिथेही खडक सोलला.

एक मीटर जाडीचा मक तळावर दाब देतो तो जेमतेम ०.०२ मेगापास्कल. कडेवरच्या १६९ पुढे हा आकडा हसण्यासारखा. पण कडेला समांतर चीर धावायची तर ढलप्याला मोकळ्या बाजूला केसभर सरकावे लागते. तेवढे सरकणे अडवले की चीर लांबत नाही. तिथे ताकद नको, वेळेवर टेकलेला हात हवा.

स्वीडनच्या अ‍ॅस्पो प्रयोगशाळेत २००३-०४ मध्ये ४५० मीटर खोलीवर झालेल्या खांब-चाचणीनेही हेच दाखवले. दीड-पावणेदोन मीटर व्यासाची दोन भोके, मध्ये एक मीटरचा खांब, आणि तो तापवून ताण वाढवलेला. एका भोकात पाण्याच्या पिशवीने ०.७ मेगापास्कलच्या आसपास दाब दिला होता. मोकळे भोक सोलले, दाब असलेले टिकले. दाब काढला तेव्हा ढलपे सुटले. तिथे सोलणे सुरू झाले तो ताण प्रयोगशाळेतल्या ताकदीच्या साठ टक्क्यांच्या आसपास होता.

यावरून आधार देण्याच्या क्रमाबद्दल थेट निष्कर्ष निघतो. अशा खडकात पहिले काम शॉटक्रीटच्या (फवारून मारायच्या काँक्रीटच्या) जाडीचे नाही, घाईचे आहे. फेसच्या मागे दोन व्यास गेल्यावर मारलेले जाड शॉटक्रीट सोलून सैल झालेल्या पृष्ठभागाला चिकटते आणि ढलप्यासकट खाली येते. फेसला लागून मारलेला पातळ, तंतुमिश्रित थर जास्त काम करतो. नुसते रॉक बोल्ट (खडकात रोवलेल्या, तोंडाशी प्लेट असलेल्या सळ्या) पुरत नाहीत, कारण दोन प्लेटांच्या मधला खडक सोलत राहतो आणि काही दिवसांनी प्लेट हवेत लटकलेली दिसते. बोल्टबरोबर जाळी हवी, आणि ती खडकाला टेकलेली हवी; लोंबती जाळी पडलेले ढलपे झेलते, सोलणे थांबवत नाही.

स्केलिंगचेही तसेच. सैल ढलपे पाडणे भाग आहे, खाली माणसे असतात. पण ‘ठणठणीत आवाज येईपर्यंत पाडा’ ही इतर ठिकाणी योग्य असलेली सूचना इथे अंगावर येते. प्रत्येक ढलप्यामागे नवी कड उघडी पडते, तीही काही तासांनी पोकळ वाजते, आणि पाळीमागून पाळी खाच स्केलिंग करणारेच खोल करत नेतात. एकदा पाडून लगेच झाकायचे.

२१३ चे १२० कसे झाले

सोलणे कोणत्या ताणाला सुरू झाले याचे उलट गणित केले तेव्हा कडेच्या खडकाची ताकद १२० मेगापास्कलच्या आसपास निघाली. प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. सुरक्षा गुणांक १.२६ नव्हता, ०.७ होता.

कोअरचा ठोकळा यंत्रात फुटतो तो शेवटच्या क्षणी, पण त्याच्यातल्या चिरा खूप आधी सुरू होतात. ठोकळ्यावर आडवा स्ट्रेनगेज (विकृती मोजणारी पट्टी) लावला तर शिखराच्या, म्हणजे ठोकळा फुटतो त्या ताणाच्या, ३० ते ४० टक्क्यांवर आडवी विकृती सरळ रेघ सोडते: चिरा उघडू लागल्या. ७० ते ८० टक्क्यांवर त्या आपोआप वाढू लागतात. शिखर त्याच्याही पुढे. ठोकळ्यात चिरा वाढल्या तरी त्यांना सरकायला लांब मोकळी कड नसते, म्हणून शिखर उंच दिसते. बोगद्याच्या कडेला ती कड मीटरच्या मीटर पसरलेली असते. जोडीला फेसपुढे ताणाची फिरलेली दिशा आणि महिनोन्महिने न उतरणारा भार. यंत्रातला ठोकळा काही मिनिटांत फुटतो.

माइन-बायमधले मायक्रोसाइस्मिक आवाज जिथे-जिथे आले तिथे मोठ्या आणि लहान ताणातला फरक ७० ते ७५ मेगापास्कलच्या वर होता. २१३ चा तिसरा हिस्सा. मोठ्या ताकदीच्या, अखंड, ठिसूळ खडकासाठी लक्षात ठेवावा असा आकडा तो हाच: शिखराचा एक तृतीयांश ते दोन पंचमांश. प्रयोगशाळेला चाचणी सांगतानाच आडव्या स्ट्रेनगेजची मागणी करावी. नुसता शिखराचा आकडा मागवला तर तो बोगद्याच्या कडेबद्दल खोटे आश्वासन देतो.

हाच निकष किर्शच्या सूत्राला लावून खोली तपासता येते. कडेपासून ०.३ त्रिज्या आत, म्हणजे अर्ध्या मीटरवर, परिघाच्या दिशेचा ताण १०७ आणि केंद्राच्या दिशेचा २२. फरक ८५. ०.४ त्रिज्या आत, ७० सेंटिमीटरवर, ९७ आणि २४, फरक ७३. म्हणजे निकषाची सीमा ७० सेंटिमीटरच्या जवळ येते आणि खाच प्रत्यक्षात अर्ध्या मीटरवर थांबली. मधला पट्टा दुखावलेला, पण जागेवर. नेहमीचे गणित, ज्यात चिकटपणा आणि घर्षण दोन्ही पहिल्यापासून पूर्ण ताकदीने काम करतात असे धरतात, ते इथे फसते. ते एक तर काहीच फुटणार नाही म्हणते किंवा रुंद आणि उथळ फूट दाखवते. खरा खडक आधी चिकटपणा गमावतो. घर्षण कामाला लागते ते ढलपे एकमेकांवर सरकू लागल्यावर. डेरेक मार्टिन, पीटर कायझर आणि डगल मॅकक्रीथ यांनी १९९९ मध्ये खडकाच्या ताकदीच्या होक-ब्राउन निकषात घर्षणाचा आकडा एम शून्य आणि चिकटपणाचा आकडा एस ०.११ धरायला सुचवले ते याच कारणाने: घर्षणाचा भाग काढून टाकायचा आणि ताकद एक तृतीयांशावर आणायची (०.११ चे वर्गमूळ ०.३३). ही युक्ती फक्त खाचेची खोली काढण्यापुरती. नंतरच्या, ढलपे सुटलेल्या खडकाच्या वागण्यासाठी ती वापरू नये, आणि मऊ, दबत जाणाऱ्या खडकासाठी तर नाहीच.

त्याच तिघांनी अनेक बोगद्यांच्या नोंदींवरून एक झटपट सूत्रही दिले: कडेचा ताण भागिले प्रयोगशाळेतली ताकद, गुणिले १.२५, अधिक ०.४९ (दशांशाची चूक धरून). उत्तर म्हणजे केंद्रापासून खाचेच्या टोकापर्यंतचे अंतर, त्रिज्येच्या पटीत. माइन-बायला लावले तर १.४८ येते, प्रत्यक्षापेक्षा जास्त. बोल्टची लांबी ठरवताना ही चूक सुरक्षित बाजूला पडते: इथे ०.८५ मीटर सैल खडक धरायचा, त्यापुढे पक्क्या खडकातली पकड आणि बाहेर राहणारी आटे-प्लेटची जागा. भागाकार ०.४ च्या खाली असेल तर सोलण्याची काळजी करायची नाही.

४६ मीटरच्या लांबीत एक गोष्ट मात्र या कोणत्याच सूत्रात बसली नाही. बोगद्याचा काही भाग ग्रॅनोडायोराइट या ग्रॅनाइटच्या भावकीतल्या खडकात होता, दाणा बारीक, ताकद जवळपास तेवढीच. ताणही तोच. तिथे सोलणे ग्रॅनाइटपेक्षा खूपच कमी झाले. मोठ्या दाण्यांच्या खडकात चीर सुरू व्हायला मोठी जागा मिळते. बोगद्याच्या नकाशात खडकाचे नाव लिहितात तसा दाण्याचा आकारही लिहावा, तो आधाराच्या आराखड्यात कामाला येतो.

दिशा आणि आकार बदलला असता तर

तेच तीन ताण घेऊन बोगदा ९० अंशांनी वळवून पाहू. अक्ष ६० ला समांतर. छेदात ४५ आणि ११ येतात, माथ्यावर १३५ वजा ११, १२४. त्याच खडकात, त्याच खोलीवर, फक्त दिशा बदलून ४५ मेगापास्कल उतरले आणि आकडा १२० च्या उंबरठ्याजवळ आला. किरकोळ ढलपे पडतील, खोल खाच नाही. उभा शाफ्ट खणला तर छेदात ६० आणि ४५, कडेवर १३५. प्रकल्पाची दिशा सहसा रेल्वेची रेघ किंवा धरणाची जागा ठरवते, पण भूमिगत वीजघर किंवा साठवणीची दालने असतील तर ही वळवण्याची मोकळीक असते.

दुसरा उपाय आकाराचा. आडवा लांबट, अंड्यासारखा छेद घेतला, उंची रुंदीच्या निम्मी, अक्ष मूळच्याच दिशेने. माथ्यावरचा ताण १६९ वरून १०९ वर येतो आणि भिंतीवरची खेच उणे २७ वरून उणे ५ वर. ‘माथा जितका उंच आणि कमानदार तितका भक्कम’ ही पक्की बसलेली समजूत वरच्या ओझ्यासाठी खरी आहे. आडवा ताण पाचपट असतो तेव्हा उंच कमान म्हणजे त्या ताणापुढे धरलेले टोक. याच ४२० मीटर पातळीवर पुढे वेगवेगळ्या आकारांचे आणि दिशांचे बोगदे सुरुंगाने खणून पाहिले, आणि लांबट आकाराच्या, माथा चपटा ठेवलेल्या छेदात सोलणे बरेच आटोक्यात राहिले. घोड्याच्या नालाच्या आकारात मात्र तळाचे कोपरे विसरू नयेत. तिथे ताण कमानीपेक्षाही चढा असतो आणि तळ मकखाली झाकलेला असल्याने तुटलेला खडक रुळांचा पाया टाकायच्या वेळीच दिसतो.

आधारही मग सगळीकडे सारखा लागत नाही. माइन-बायसारख्या ताणात बोल्ट आणि जाळी माथ्याच्या खाचेच्या पट्ट्यात दाट हवी, मोठ्या ताणाच्या कलाइतकी बाजूला सरकवून. बाजूच्या भिंतींवर तेवढेच बोल्ट मारणे म्हणजे पोलाद वाया घालवणे. तळाला काँक्रीटचा इन्व्हर्ट (तळाचे अस्तर) लवकर टाकता येत नसेल, तर निदान मक शेवटच्या दिवसापर्यंत पडून राहू द्यावा, आणि उपसला की त्याच पाळीत तळ झाकावा.